पातेल्याच्या काठाखालचं नाव

या वेळच्या प्रश्नोत्तरांसाठी मराठी विषय घेऊन बी.ए., एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून प्रश्न मागवले होते. विषय एकच होता, कथालेखन. उत्तरं एका कथाकार लेखिकेने दिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. घरचे आणि पैसे यांविषयी मोजकेच प्रश्न आले, पण ते फार कळकळीने विचारलेले होते. म्हणून त्यांनाही जागा दिली आहे.

विषय भरपूर सुचतात. शेतकऱ्याची कर्जबाजारी अवस्था, म्हातारपणी एकटे पडलेले आईबाप, हुंडा. पण दोन पानं लिहिली की त्याचा निबंध होतो. काय चुकतं? (लातूर)

तुम्ही लिहिलेत ते विषय आहेत, आणि विषयावर निबंधच होतो. कथेला माणूस लागतो. त्या माणसाला आज काहीतरी हवं असावं लागतं आणि ते सरळ हाती येता कामा नये.

'एकटे पडलेले आईबाप' हा विषय झाला. 'आईच्या तेराव्यानंतर दोघी बहिणी तिची भांडी वाटून घ्यायला बसतात आणि दोघींनाही एकच पितळी पातेलं हवं असतं' हे कथाबीज. यात दिवस ठरला, जागा ठरली, माणसं दोनच आहेत आणि ठिणगी कुठे पडणार तेही ठरलं. आईला कोणी सांभाळलं, कोण फक्त फोन करत राहिलं, म्हातारी शेवटी किती एकटी होती, हे सगळं त्या पातेल्याआडून येईल. 'एकटेपणा' हा शब्द कुठेही न लिहिता येईल.

लिहायला बसण्याआधी कागदावर चार प्रश्नांची उत्तरं एका वाक्यात लिहून बघा. कोण? काय हवंय? आडवं कोण येतंय? आणि हे आजच का? चौथा प्रश्न हमखास सुटतो. आपल्या उदाहरणात धाकटी संध्याकाळच्या गाडीने परत जाणार आहे आणि भाड्याचं घर महिनाअखेर रिकामं करून द्यायचंय. ही मुदत नसेल तर दोघी बहिणी चहा पीत बसतील आणि पातेलं माळ्यावरच राहील.

आता मापाचं. अडीच हजार शब्दांच्या कथेत दोन ठळक माणसं मावतात, फार तर तिसरं कडेला उभं राहतं. प्रसंग दोन किंवा तीन, आणि काळ एखादा दिवस. नवशिक्यांच्या कथेत सात माणसं आणि बारा वर्षं असतात, म्हणून ती कादंबरीच्या सारांशासारखी वाटते. वही ठेवत असाल तर तिच्यात 'कल्पना' लिहू नका. वस्तू लिहा आणि कानावर पडलेली वाक्यं जशीच्या तशी उतरवा. वर्षाने वही उघडली की कल्पना शिळ्या झालेल्या असतात, वाक्यं मात्र ताजी असतात.

सुरुवात निसर्गवर्णनाने केली की सर 'छान' म्हणतात, पण स्पर्धेतून कथा परत येते. (जळगाव)

पहिल्या खर्ड्याची सुरुवात बहुतेक वेळा पानभर आधी झालेली असते. गवई आवाज लावून घेतो तसं ते पान तुमच्यासाठी गरजेचं असतं. वाचकाला ते ऐकवायची गरज नाही. पहिला परिच्छेद हाताने झाका आणि दुसऱ्यापासून वाचा. काही अडत नसेल तर तो काढा. मग दुसऱ्यालाही तीच परीक्षा. भांड्यांची कथा पहाटेच्या उजेडाने सुरू होत नाही, पातेलं माळ्यावरून खाली आलेलं असतं तिथून होते.

दुसरा घोटाळा पूर्वकथेचा. पहिल्या तीनशे शब्दांत 'तिला आठवलं' येऊ देऊ नका. मागचं सांगायचं ते भांडणाच्या ओघात एकेका वाक्याने येऊ दे. कधी मोठा तुकडा मागे न्यावाच लागतो. तेव्हा पहिल्या एक-दोन वाक्यांत 'होतं' वापरा ('आईने ते नाशिकहून आणलं होतं') आणि पुढे साध्या भूतकाळावर या ('दुकानदाराने वजन केलं. आईने घासाघीस केली'). नाहीतर पानभर होती-होता-होतं वाजत राहतं. परत वर्तमान प्रसंगात येताना एखादा आवाज किंवा वस्तू ठेवा, म्हणजे 'तिची तंद्री भंगली' लिहावं लागत नाही.

'मी' म्हणून लिहावं की 'ती' म्हणून? (पुणे, कोल्हापूर आणि आणखी दोन ठिकाणांहून)

आधी ठरवायचं ते हे, की बघतंय कोण. सर्वनाम त्यानंतर ठरतं.

'मी'ने जवळीक येते, पण 'मी'ला दुसऱ्याच्या मनातलं दिसत नाही, पाठीमागचं दिसत नाही, आणि तो स्वतःच्याच चेहऱ्याचं वर्णन करू लागला तर हसू येतं. आरशासमोर उभं करून नायिकेचं रूप सांगण्याची युक्ती आता बंद करावी. मराठीत आणखी एक गोष्ट होते. क्रियापद तोंड उघडताच लिंग सांगून टाकतं, 'मी गेले', 'मी गेलो'. कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो' म्हणतात. ती बोली घेणार असाल तर बोलणारी बाई आहे हे पहिल्या पानावरच दुसऱ्या कशातून तरी कळू द्या.

तृतीयपुरुषात दोघी बहिणी आल्या की दोघीही 'ती'. 'ती तिला म्हणाली, की तिने तिचं ऐकायला हवं होतं' अशी वाक्यं मी तपासायला आलेल्या कथांत नेहमी बघते. यावर उपाय नावांचा असतो आणि नावातच दृष्टी ठरते. 'थोरली' आणि 'धाकटी' लिहिलंत तर निवेदक लांब उभा राहून दोघींकडे सारखाच बघतो. 'सुमन' आणि 'ताई' लिहिलंत तर आपण सुमनच्या डोळ्यांनी बघतोय. एकदा 'ताई' लिहिलं की 'ताईला मनातून अपराधी वाटलं' लिहिता येत नाही, कारण ते सुमनला कळणार नाही. 'ताई उगाच झाकण पुसत राहिली' लिहिता येतं. दृष्टिकोन घसरला आहे का हे बघायला प्रत्येक 'वाटलं'खाली रेघ मारा आणि शेजारी लिहा, कोणाला. दोन नावं निघाली तर एक खोडा.

नातं सांगायला मराठीत फुकटात मिळणारं एक साधन आहे, ते वापरा. 'आई म्हणाली' आणि 'बाबा म्हणाले' एवढ्यानेच घराची रचना कळते. बायको नवऱ्याला 'अहो' म्हणते की 'अरे', सासू सुनेला नावाने हाक मारते की 'अगं' म्हणून, यावर एक वाक्यही खर्च करावं लागत नाही. दोन पात्रं कथाभर 'तुम्ही' म्हणत असतील आणि शेवटच्या पानावर एकाच्या तोंडून 'तू' निघालं, तर ती घटना आहे. चुकून निघालं तर मात्र ती फक्त चूक दिसते. म्हणून पात्रवार यादी करा, कोण कोणाला काय म्हणतं याची.

माझी पात्रं मालवणीत बोलतात. पुण्याच्या संपादकाला कळणार नाही म्हणून प्रमाण मराठी करू का? (सावंतवाडी) वऱ्हाडीबद्दल हाच प्रश्न. (अकोला)

करू नका. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, ही नेहमीची वाट. पूर्ण कथा बोलीत लिहिणं जास्त अवघड, कारण मग वर्णन आणि विचारही त्याच बोलीत उतरायला हवेत. अर्धवट जमलं तर बोली वेशभूषेसारखी दिसते.

अर्थ कंसात देऊ नका, कंस आला की कथा थांबते. अर्थ कृतीत ठेवा. '"माका नको," म्हणत आजीने ताट पुढे सरकवलं' हे नंदुरबारच्या वाचकालाही कळतं. वऱ्हाडी 'मले' किंवा 'काऊन' एकदा समोरच्याच्या उत्तरातून उलगडला की पुढे वाचक स्वतः सांभाळतो. संवादात तीनचार अनोळखी शब्द एका ओळीत आणू नका, इतकंच पथ्य.

खरी मेख लेखनाची आहे. एका पानावर 'खंय', दुसऱ्यावर 'खय' असं झालं की मुद्रितशोधक सगळंच 'शुद्ध' करून टाकतो. म्हणून बोलीतल्या शब्दांची, तुम्ही ठरवलेल्या रूपांची यादी करा आणि कथेबरोबर संपादकाला पाठवा. शुद्धलेखनाच्या नियमांनीही पात्रांच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक दिलेली आहे. 'केले-गेले' की 'केलं-गेलं' हेही निवेदनासाठी एकदाच ठरवा. अर्धी कथा 'ती म्हणाली, ते खरे होते' आणि अर्धी 'खरं होतं' अशी आली तर ती दोन हातांनी लिहिल्यासारखी दिसते.

एक गाऱ्हाणं. कथेत मालक, डॉक्टर, प्राध्यापक प्रमाण भाषा बोलतात आणि बोली फक्त मोलकरीण, गडी आणि विनोदी मामाच्या वाट्याला येते. गावचे सरपंच आणि शाळेच्या बाईही घरी बोलीतच बोलतात, तेही ऐका.

याला जोडून आलेला छोटा प्रश्न: मोबाइलवर बोलून टाइप केलेलं चालतं का? पहिल्या खर्ड्याला चालतं. पण तो फोन 'मले'चं 'मला' करतो, विरामचिन्हं गाळतो आणि वाक्यं लांबतात, कारण बोलताना आपण 'आणि मग' लावत सुटतो. संवाद हाताने टाइप करा. आणि हो, पात्रांना 'उद्गारली', 'वदली', 'खेकसली' करू नका. 'म्हणाली' डोळ्याला टोचत नाही, तेच तिचं काम आहे.

पुनर्लेखन म्हणजे नेमकं काय करायचं? मी शब्द बदलते, कथा तशीच राहते. (नाशिक)

शब्द बदलणं हे शेवटचं काम आहे. त्याआधीची कामं वगळली तर पॉलिश होतं, कथा हलत नाही.

पहिला खर्डा झाला की पंधरा दिवस बाजूला ठेवा, अगदीच घाई असेल तर आठवडा. मग छापून वाचा, पडद्यावर नको. पडद्यावर डोळा सवयीने पुढे घसरतो. पहिल्या वाचनात हातात पेन असू दे, पण दुरुस्ती करायची नाही. प्रत्येक प्रसंगाशेजारी एकच गोष्ट लिहायची. या प्रसंगाच्या आधी आणि नंतर काय बदललं? काहीच बदललं नसेल तर प्रसंग काढा किंवा दुसऱ्यात मिसळा. दुसऱ्या वाचनात भावनांची नावं अधोरेखित करा, वाईट, आनंद, दुःख, एकटं, अस्वस्थ. तिसरं वाचन मोठ्याने, शक्यतो दुसऱ्या कोणासमोर. जीभ अडखळते तिथे वाक्य लंगडं असतं, आणि ऐकणारा उशी सरकवून बसतो तिथे प्रसंग लांबलेला असतो. त्यानंतर दहा-पंधरा टक्के कापा. तीन हजार शब्द असतील तर साडेतीनशे-चारशे गेलेच पाहिजेत. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी, वेगळ्या बैठकीत.

अधोरेखित केलेल्या शब्दांचं काय करायचं ते भांड्यांच्या कथेत बघू. पहिला खर्डा बहुतेक असा येईल:

'सुमनला खूप वाईट वाटलं. आईच्या आठवणीने तिचं मन भरून आलं. बालपणीचे सुखाचे दिवस डोळ्यांसमोरून सरकू लागले. एवढ्याशा पातेल्यावरून ताई भांडतेय हे पाहून तिला रागही आला. पण ती काहीच बोलली नाही.'

पाच वाक्यं आणि दाखवलेलं एकही नाही. आता तोच प्रसंग:

'ताईने पातेलं जवळ ओढलं. "तुला कशाला? तुझ्याकडे सगळं नॉनस्टिक."
"आमटी करीन त्यात."
"कळकेल. कल्हई जाऊन दोन वर्षं झाली. आईसुद्धा त्यात काही करत नव्हती."
सुमनने पातेलं खिडकीकडे तिरपं केलं. तळ पिवळा दिसत होता. "मला कोणी सांगितलं नाही," ती म्हणाली.
"विचारलंस कधी?"'

वाईट, आठवण, राग हे शब्द गेले आणि त्यांच्या जागी कल्हई आली. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आमटी, ताक असं आंबट काही केलं की ते कळकतं, हे आईजवळ राहिलेल्या मुलीला माहीत आहे. लांब राहिलेलीला नाही. दोघींमधलं अंतर त्या एका माहितीने मोजलं गेलं. तपशील नेमका हवा म्हणतात तो यासाठी. 'जुनं पातेलं' लिहिलं असतं तर हे काहीच आलं नसतं. आणि तपशील खोटा निघाला तर उलटं होतं. स्टीलच्या पातेल्याला कल्हई लावलीत तर वापरणारी बाई तिथेच कथा मिटते.

शोधून काढायचे आणखी काही शब्द: 'जणू', 'अचानक', 'नकळत', 'क्षणभर', 'काहीतरी', 'एक प्रकारची'. कंट्रोल आणि एफ दाबून मोजा. दहापैकी आठ काढता येतात.

प्रत्येक खर्डा तारखेसह वेगळ्या नावाने जतन करा, कारण कापलेलं कधीकधी परत हवं असतं. पाचव्या-सहाव्या खर्ड्यात 'पण'चं 'मात्र' आणि मग 'मात्र'चं परत 'पण' होऊ लागलं तर थांबा.

शेवटी धक्का नसेल तर कथा फिकी वाटते का? (सोलापूर)

धक्का आणि फसवणूक यात फरक करा. ज्याच्या डोळ्यांनी वाचक बघतोय त्या माणसाला जे माहीत आहे, ते वाचकापासून शेवटपर्यंत दडवलं तर ती फसवणूक. 'आणि तो मेलेला होता', 'आणि ते स्वप्न होतं' हे सगळे त्यातलेच. परीक्षा सोपी आहे, कथा दुसऱ्यांदा वाचून बघा. दुसऱ्या वाचनात जास्त दिसत असेल तर धक्का खरा होता.

समजा, भांडताना पातेलं उलटं होतं आणि काठाखाली कोरलेलं नाव दिसतं: 'सौ. इंदिरा', पुढे जुनी तारीख. दोघींच्या आईचं नाव हे नाही. नवीन लेखक हे शेवटच्या ओळीत ठेवेल आणि टाळीची वाट बघेल. मी मध्यावर ठेवीन. मग कथा तिथून खरी सुरू होते. कोण ही इंदिरा? आईने मोडीतून घेतलं, की कोणी दिलं, की वडिलांचं आधी लग्न झालेलं होतं? दोघीही विचारायला ज्या एका माणसाकडे गेल्या असत्या, ती आई तेरा दिवसांपूर्वी गेली. आता पातेलं कोणाला हवंय? ज्या कथेला शेवटी धक्का द्यावासा वाटतो, तिचा धक्का मधे आणून बघा, ही युक्ती बहुतेक वेळा चालते.

दोघी गळ्यात पडून रडतात तो शेवट मालिकांना देऊन टाका. आणि शेवटचा परिच्छेद तपासा, त्यात नव्वद टक्के वेळा आधी दाखवलेल्याचा अर्थ सांगितलेला असतो. तो काढला की शेवट सापडतो, वरच्याच ओळीत.

घरच्यांवरून लिहिलं तर घरचे दुखावतात. टोपणनाव घेऊ का? (साताऱ्याची विद्यार्थिनी)

घ्यायला हरकत नाही, परंपरा जुनी आहे. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं ते विभावरी शिरूरकर या नावाने. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या अविवाहित मुलींच्या मनातलं त्यात होतं आणि लेखिका कोण यावरून गदारोळ झाला. त्या नावामागे बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर होत्या. पण टोपणनावाने बाहेरचे लोक चुकतात, घरचे नाही. काकू स्वतःचं वाक्य ओळखतेच.

म्हणून बदल नावापेक्षा खोल करा. माणसाचा व्यवसाय, गाव आणि वय यांतल्या किमान दोन गोष्टी बदला. दोन माणसांचं एक करा. घटनेचा क्रम उलटा करा. तुम्हाला जे वाटलं होतं तेवढंच शिल्लक ठेवा, कारण कथा त्याची आहे. आडनाव सांभाळून. आपल्याकडे आडनावातून जात, गाव, कधी कुलदैवतसुद्धा कळतं, त्यामुळे 'फक्त आडनाव बदललं' असं होत नाही, सगळं घरच बदलतं. कथेची गरज नसेल तर आडनाव देऊच नका. खऱ्या माणसावर खोटा आरोप होईल असं काही ठेवू नका, बदनामीचा कायदा कथेलाही लागतो. आणि छापून येण्याआधी घरच्यांना खर्डा दाखवायचा का? माझं मत, दाखवू नये. ते कथा वाचत नाहीत, स्वतःला शोधतात.

दिवाळी अंकाला कथा कधी, कशी पाठवायची? मानधन मिळतं का, हक्क कोणाचे? (बऱ्याच जणांकडून)

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचा हंगाम दिवाळीचा आहे. पण दिवाळीची कथा उन्हाळ्यात लिहायची असते. न मागवलेली कथा जूनअखेरीपर्यंत पोहोचली तर वाचली जाण्याची शक्यता बरी. ऑगस्टमध्ये पानं लागायला सुरुवात होते, तेव्हा आलेली चांगली कथाही पुढच्या वर्षावर जाते. पाठवण्यापूर्वी त्या अंकाचे गेल्या दोन वर्षांचे अंक चाळा. कथा किती लांबीच्या छापतात, हे तिथेच दिसतं.

फाइल युनिकोडमध्ये, ए-फोर पान, चौदाचा टाइप, दीडपट ओळी, प्रत्येक पानावर क्रमांक आणि कथेचं नाव. वर्ड आणि पीडीएफ दोन्ही पाठवा. कारण असं, की छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर बदलताना जोडाक्षरं फुटतात, आणि सगळ्यात आधी फुटतो तो 'ऱ्या'. 'दऱ्या'चा 'दर्या' झाला की डोंगरातली कथा समुद्रावर जाते. पीडीएफ असली की मूळ काय होतं ते जुळवणाऱ्याला बघता येतं.

सोबतचं पत्र चार ओळींचं. कथेचं नाव, शब्दसंख्या, कथा अन्यत्र प्रसिद्ध झालेली नाही आणि दुसरीकडे पाठवलेली नाही, तुमचा पत्ता आणि फोन. कथेचा सारांश आणि 'आपल्या मार्गदर्शनाची अपेक्षा' नको. फेसबुकवर किंवा कथांच्या अ‍ॅपवर टाकलेली कथा बरेच संपादक प्रसिद्ध झालेलीच धरतात. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. तीन महिने उत्तर आलं नाही तर 'कथा मागे घेत आहे' असं दोन ओळींत कळवा आणि मग पुढे पाठवा. न कळवता पाठवलीत आणि दोन्हीकडे छापून आली तर दोन संपादक एकदम गमावता.

मानधनात सगळे प्रकार आहेत, रीतसर धनादेश देणाऱ्यापासून अंकाची फक्त एक प्रत पाठवणाऱ्यापर्यंत. स्वीकाराचं पत्र आलं की तेव्हाच विचारा, संकोच करू नका. मराठीत नुसत्या कथा लिहून घर चालत नाही. अनुवाद, मुद्रितशोधन, मालिका-श्राव्य कार्यक्रमांसाठी लेखन अशा जोडकामांवर चालतं, किंवा नोकरीवर.

हक्कांचं मात्र नीट वाचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार कथा लिहिली की हक्क तुमचा, नोंदणीची सक्ती नाही, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर तो सहीनिशी, लेखीच करावा लागतो. लिखाणात मुदत दिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. अंकात कथा छापायला दिली म्हणजे तुम्ही ती विकलीत असं नाही. स्पर्धांच्या नियमांत 'सर्व हक्क आयोजकांकडे राहतील' अशी ओळ बारीक टाइपात असते. बक्षीस किती आहे त्याच्या आधी ती ओळ शोधा. चित्रपट, मालिका, श्राव्य पुस्तक, अनुवाद हे वेगवेगळे हक्क आहेत, एका सहीत सगळे देऊ नका.

कोणाच्या कथा वाचाव्यात? (नांदेड)

यादी लांबवत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' (1949) वाचा, माणूस थोडक्यात कसा उभा करतात ते बघायला. बाबूराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) वाचा. कुसुमावती देशपांडे वाचा. 1961 साली ग्वाल्हेरला साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, हा मान मिळालेल्या पहिल्या महिला, आणि त्यांच्या कथा मात्र आज कमी वाचल्या जातात. मग यातली एकच कथा निवडा आणि चार वेळा वाचा. एकदा नुसती, एकदा प्रसंग मोजत, एकदा 'हे कोण बघतंय' विचारत, आणि चौथ्यांदा तिचं एक पान स्वतःच्या हाताने उतरवून काढत. वाक्य कुठे संपवलंय ते हाताला कळतं.

अभ्यास आणि नोकरी सांभाळून वेळ कसा काढायचा? (मुंबई)

दिवसाला तीनशे शब्द, म्हणजे साधारण एक पान. नऊ दिवसांत अडीच हजारांचा खर्डा होतो. पहिला खर्डा सलग दिवसांतच संपवा, कारण दोन महिने रेंगाळला की तुमचा सूर बदलतो आणि कथेला सांधा दिसतो. उठताना वाक्य अर्धवट सोडा, दुसऱ्या दिवशी सुरुवात शोधावी लागत नाही. पुनर्लेखनाला लोकलचा प्रवास चालतो, खर्ड्याला नाही.

शीर्षक कधी आणि कसं द्यावं? (परभणी)

शेवटी द्या, आणि आधी कथेतल्या वस्तूंमध्ये शोधा. भांड्यांच्या कथेला 'वाटणी' लगेच सुचेल, म्हणजे ते आणखी पन्नास जणांना सुचलेलं आहे. 'आई' तर नकोच. 'काठाखालचं नाव' संपादकांना आवडलं आणि त्यांनी या पानांच्या डोक्यावर चढवलं, इथे चालेल. कथेला चालणार नाही, मधलं गुपित ते आधीच फोडतं. मी 'कल्हई' ठेवीन.